पालिकेच्या दारातला पुतळा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, विषय तुझा तू ठरव, असा संपादक मंडळाचा निरोप आला. शाळेच्या आठवणी, बाईंचा धाक, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरं यांवर इतर जण लिहिणारच आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतला आहे. आपली शाळा पालिकेची. त्या पालिकेच्या मुख्यालयासमोर एका माणसाचा पुतळा उभा आहे. आपल्यातले बहुतेक जण कामाधंद्याच्या धावपळीत त्याच्यावरून शेकडो वेळा गेले असतील. त्या माणसाचं आणि आपल्या शाळेचं नातं बरंच जवळचं आहे. ते सांगावं म्हणून हा लेख.

व्हीटी स्टेशनातून बाहेर आलं की समोरच दोन रस्त्यांच्या बेचक्यात पालिकेची घुमटाची इमारत दिसते. तिच्यापुढे उंच चौथऱ्यावर ब्राँझचा पुतळा आहे, सर फिरोजशहा मेहता यांचा. डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने तो घडवला आणि १९२३ मध्ये तो तिथे बसवला गेला. पहिल्या महायुद्धात ज्या सैनिकांचे चेहरे छिन्नविच्छिन्न झाले, त्यांच्यासाठी धातूचे पातळ मुखवटे बनवून देणारा कलावंत तो हाच.

आपल्या घोडपदेवच्या मुलांना पुतळे म्हटले की आधी आठवते राणीची बाग. चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे आपल्या सहली वर्षानुवर्षं तिथेच गेल्या. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात साहेब लोकांचे पुतळे ओळीने ठेवलेले आहेत, त्यातल्या काहींना तर डोकीही नाहीत. एके काळी ते फोर्टातल्या मोठमोठ्या चौकांत उभे होते. स्वातंत्र्यानंतर शहराने त्यांना रस्त्यावरून काढलं आणि इथे आणून ठेवलं. सातव्या एडवर्डचा काळा घोडाही १९६५ मध्ये भायखळ्यालाच आला. फिरोजशहांचा पुतळा मात्र कोणी हलवला नाही. त्यांच्या नावापुढची 'सर' ही पदवी इंग्रज सरकारनेच दिलेली होती, तरीही. असं का, याचं उत्तर त्यांच्या आयुष्यातच सापडतं.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ चा, मुंबईतला. घर पारशी व्यापाऱ्याचं. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ मध्ये ते पदवीधर झाले आणि कायदा शिकायला इंग्लंडला गेले. लंडनमध्ये त्यांना दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. हिंदुस्थानचा पैसा कुठे जातो आणि त्याचा हिशेब कोण विचारतो, हा दादाभाईंचा ध्यास या तरुणाच्या मनात तिथेच रुजला असावा. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते १८६८ मध्ये परतले.

ते परतले तेव्हाची मुंबई नुकतीच एका मोठ्या दणक्यातून सावरत होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव आभाळाला भिडले होते, शेअरच्या सट्ट्यात शहर न्हाऊन निघालं होतं. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळा डोलारा कोसळला. त्याच वर्षी मुंबईच्या कारभारासाठी नवा कायदा झाला. एका आयुक्ताच्या हाती जवळजवळ सगळी सत्ता आली. त्याच्यावर देखरेख करायला 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणजे जे. पी. मंडळी होती, पण ती सरकारने नेमलेली आणि तहहयात. लोकांनी निवडलेला त्यात एकही नव्हता.

हा आयुक्त म्हणजे आर्थर क्रॉफर्ड. आजची महात्मा फुले मंडई एके काळी त्याच्या नावाने ओळखली जायची, आपल्या आज्या अजून तिला क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. माणूस कर्तबगार होता. त्याने गटारं सुधारली, रस्ते केले, घाणीने बुजलेलं शहर साफ केलं. पण पैसा असा काही उधळला की पालिका कर्जात बुडाली. १८७१ मध्ये करदाते खवळले. मोठमोठ्या सभा झाल्या आणि क्रॉफर्डला घालवा, अशी एकच ओरड सुरू झाली.

इथे जेमतेम सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी सगळ्यांच्या उलटी भूमिका घेतली. क्रॉफर्डने शहरासाठी केलेलं काम त्यांनी मान्य केलं आणि दोष रचनेत आहे असं सांगितलं. कामं करून घ्यायला एक जबाबदार, खंबीर अधिकारी हवाच. मात्र त्याच्या हातातल्या पैशावर लक्ष ठेवणारे लोक करदात्यांनी स्वतः निवडून दिलेले असले पाहिजेत. माणूस बदलून भागणार नाही, व्यवस्था बदला, असा त्याचा अर्थ. चिडलेल्या लोकांना हे त्या वेळी रुचलं नाही. सगळ्यांना एक गुन्हेगार हवा होता आणि हा पोरगा नियमांच्या गोष्टी करत होता.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात असल्यामुळे मला हा भाग फार ओळखीचा वाटतो. आमच्याकडे एखादी यंत्रणा कोलमडली की पहिला प्रश्न येतो, कोणी केलं? खरा प्रश्न असतो, एकाच माणसाला हे करता येईल अशी मुभा कोणी ठेवली? बदल करणारा एक आणि त्याला मंजुरी देणारा दुसरा, हा साधा नियम आम्ही ठोकरा खाऊन शिकलो. फिरोजशहांनी तो शहराच्या तिजोरीसाठी १८७१ मध्येच मांडला होता.

पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, कायदा बदलला आणि तो बराचसा याच दिशेने गेला. चौसष्ट सभासदांची पालिका आली. त्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे, १६ जे. पीं.नी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. आयुक्त कारभार पाहील, पण खर्चाला मंजुरी लोकांच्या प्रतिनिधींची. फिरोजशहा तेव्हापासून पालिकेत आले आणि १९१५ मध्ये मृत्यूपर्यंत तिथेच राहिले. चाळीस वर्षांहून जास्त काळ एका माणसाने एका सभागृहाला दिला. १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ असे चार वेळा ते तिचे अध्यक्ष झाले. तेव्हा महापौर हे पद नव्हतं, अध्यक्षच असे. ज्या इमारतीसमोर आज त्यांचा पुतळा आहे, तिची कोनशिला त्यांच्या पहिल्या अध्यक्षपदाच्या वर्षीच, १८८४ मध्ये, लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. इमारत पुरी झाली १८९३ मध्ये.

आता आपल्या घराजवळची एक गोष्ट. आपलं रे रोड स्टेशन कोणाच्या नावाचं, हे शाळेत असताना आपल्याला कोणी विचारलं असतं तर आपण गप्प बसलो असतो. लॉर्ड रे हा १८८५ ते १८९० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत फिरोजशहा मुंबई प्रांताच्या कायदे मंडळावर आले. त्या वेळी पालिकेचा नवा कायदा घडत होता. मूळ मसुद्यात पालिकेचे अधिकार कमी करून आयुक्ताचे वाढवण्याचा घाट होता. फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांनी एकेक कलम लढवलं आणि सभागृहाचा वरचष्मा राखला. तोच १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा. सभासद ७२ झाले, त्यातले ३६ वॉर्डांतल्या करदात्यांनी निवडलेले. सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त अशी विभागणी या कायद्याने पक्की झाली. असंख्य दुरुस्त्या झाल्या, तरी मुंबईचा कारभार आजही याच कायद्याने चालतो. आपल्या चाळीतल्या नळाच्या जोडणीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळ्याच्या मुळाशी हा कायदा आहे.

पालिकेने या काळात काय काय केलं याची यादी मोठी आहे. एकच सांगते. १८९२ मध्ये तानसाचं पाणी मुंबईत आलं. शहापूरच्या डोंगरातून लांबच लांब जलवाहिनी टाकायची, तर प्रचंड पैसा लागणार, कर्ज काढावं लागणार, ते फेडायला कर बसवावा लागणार. असा निर्णय घ्यायला लोकांपुढे उभं राहून जाब देणारं सभागृह लागतं. तसं सभागृह मुंबईकडे तेव्हा होतं.

आता शाळेचा मुद्दा. शहराच्या पोलिसांचा खर्च पालिकेने द्यावा, असा सरकारचा आग्रह होता. पोलिसांवर हुकूम सरकारचा आणि पैसा मात्र करदात्यांचा, हा वाद कित्येक वर्षं चालला. ज्यावर आपला ताबा नाही त्यासाठी आपण का पैसे द्यायचे, अशी फिरोजशहांची आणि पालिकेची बाजू होती. शेवटी १९०७ मध्ये कायदा होऊन तोडगा निघाला. पोलिसांचा भार सरकारने उचलला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षणाची पूर्ण जबाबदारी पालिकेवर आली. म्हणजे पोलिसांना जाणारा पैसा शाळांकडे वळला. पुढे १९२५ मध्ये सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू झालं ते एफ आणि जी वॉर्डांत, आपल्या गिरणगावाच्या भागात. तोवर फिरोजशहांना जाऊन दहा वर्षं झाली होती. पण आपण ज्या बाकांवर बसलो, त्यांच्या खर्चाचा रस्ता त्या जुन्या भांडणातूनच निघाला होता. आपली पाटी-पुस्तकं कोणाच्या दयेवर आली नव्हती. हक्काने मागून आणलेल्या पैशातून ती आली होती.

फिरोजशहांचं काम पालिकेपुरतं नव्हतं. १८८५ मध्ये तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याबरोबर त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. त्याच वर्षी डिसेंबरात गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, तिथे ते होते. १८९० च्या कलकत्ता अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. व्हाइसरॉयच्या कायदे मंडळातही ते गेले आणि १८९५ मध्ये पोलीस कायद्याच्या दुरुस्तीवर असे कडाडले की सरकारी सभासद हबकले. मुंबईचा सिंह हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं.

आपल्यातल्या कितीतरी घरांची मुळं कोकणात आणि घाटावर आहेत, म्हणून १९०१ चा प्रसंग सांगायला हवा. सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकला म्हणून सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना त्याचे तिच्यावरचे हक्क तोकडे करण्याची सोय त्यात होती. फिरोजशहांनी विरोध केला, विचाराला वेळ मागितला. सरकारपक्षाच्या बहुमतापुढे काही चालेना, तेव्हा ते उठले आणि सभागृहाबाहेर पडले. त्यांच्यामागून गोपाळ कृष्ण गोखले आणि आणखी काही सभासदही बाहेर पडले. सभात्याग आज रोजचा झाला आहे. त्या काळी गव्हर्नरसमोरून असं उठून जाणं ही फार मोठी गोष्ट होती.

सरकारच्या डोळ्यांत हा माणूस सलत होता. १९०७ मध्ये काही इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या मित्रांनी त्यांना पालिकेतून घालवायचा बेत केला. फिरोजशहा जे. पीं.च्या मतदारसंघातून निवडून येत. जागा १६ होत्या. ठरवून मतं फिरवली गेली आणि फिरोजशहा सतराव्या क्रमांकावर राहिले. साऱ्या शहरात खळबळ उडाली. पण निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड कायद्याने रद्द ठरली आणि सतरावे फिरोजशहा आत आले. चारच वर्षांनी ते पुन्हा अध्यक्ष झाले.

आता दुसरी बाजू. फक्त गोडवे गायले तर आपल्या सरांना आणि बाईंना ते आवडणार नाही. फिरोजशहा श्रीमंत होते, थाटात राहत आणि सभागृहावर दरबारासारखी हुकमत गाजवत, अशी टीका त्यांच्या हयातीतच होई. त्यांचं राजकारण अर्ज, ठराव, कायदा आणि वादविवाद यांचं होतं. लोकमान्य टिळकांचं राजकारण त्यांना मानवत नसे. १९०७ चं काँग्रेस अधिवेशन नागपुरात व्हायचं होतं, ते सुरतेला नेण्यात त्यांचा मोठा हात होता. सुरतेला काँग्रेस फुटली आणि टिळकांच्या गटाला पुन्हा आत घ्यायला फिरोजशहांनी शेवटपर्यंत विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. कदाचित आपल्यापैकी काहींचे पणजोबा त्यात असतील. त्यांच्या मनात टिळक होते, फिरोजशहा नव्हते.

आणि त्याला कारणही होतं. फिरोजशहांच्या पालिकेत मत होतं ते ठरावीक कर भरणाऱ्यांना. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण राहत, पाळीपाळीने झोपत, त्या कामगाराला मत नव्हतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सगळ्यात जास्त हाल झाले ते अशाच दाटीच्या वस्त्यांचे. मग १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि माझगावच्या ताडवाडीसारख्या ठिकाणी बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. पण तो ट्रस्ट पालिकेबाहेरचा होता. १९३३ मध्ये तो पालिकेत आला. करदात्याचा हक्क म्हणून जी चळवळ सुरू झाली, तिच्यात आपल्या खापर-पणज्यांची गणती नव्हती. हे विसरून पुतळ्याला हार घालण्यात अर्थ नाही.

तरीही मला हा माणूस मोठा वाटतो. त्यांनी दार बांधलं. ते अरुंद होतं, पण दार होतं. पुढच्या लोकांना ते रुंद करता आलं. १९२२ मध्ये भाडेकरूंना मत मिळालं. १९४८ मध्ये सर्व प्रौढांना मिळालं आणि गिरणगावातल्या बायका-पुरुषांनी त्याच कायद्याखालच्या त्याच सभागृहात आपली माणसं पाठवली. सभागृहच नसतं तर मत कशासाठी मागायचं?

फिरोजशहांचं मन किती मोठं होतं याची एक आठवण गांधीजींनी आत्मकथेत सांगितली आहे. १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची दैना सांगायला तरुण गांधी मुंबईत आले. त्यांना इथे फारसं कोणी ओळखत नव्हतं. फिरोजशहांनी त्यांच्यासाठी सभा भरवली आणि भाषण आधी लिहून काढायला लावलं. सभेत गांधींचा आवाज मागपर्यंत पोचेना, तेव्हा दिनशा वाच्छांनी ते वाचून दाखवलं आणि सभा जिंकली. पुढे गांधीजींनी फिरोजशहांना हिमालयाची, टिळकांना सागराची आणि गोखल्यांना गंगेची उपमा दिली. हिमालय दुरून भव्य दिसतो, पण चढायला कठीण, हेही त्यात आलंच.

शेवटच्या वर्षांतही ते स्वस्थ बसले नाहीत. १९११ मध्ये सेंट्रल बँक निघाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक सुरू केलं. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत गोखले गेले आणि ५ नोव्हेंबरला फिरोजशहा गेले. वय सत्तर.

हे सगळं आज का लिहायचं? मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक लांबत गेली आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्तच प्रशासक म्हणून सगळा कारभार पाहत होते. खर्च करणारा आणि मंजुरी देणारा एकच. अधिकारी चांगले की वाईट हा मुद्दाच नाही, क्रॉफर्डही कर्तबगार होता. १८७१ मध्ये जी रचना बदलायला हवी असं सव्वीस वर्षांचा एक तरुण सांगत होता, तीच दीडशे वर्षांनी परत आली होती, तीही त्याच्या पुतळ्याच्या पाठीमागच्या इमारतीत. आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी किती जणांच्या ते लक्षात आलं? आपल्या ई वॉर्डात कोणाकडे तक्रार न्यायची, हे नळाला पाणी आलं नाही त्या दिवशीच आठवतं.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले थोडेच आता घोडपदेवात राहतात. बाकीचे डोंबिवली, बदलापूर, विरार, नवी मुंबईला गेले. तिथेही पालिका आहेत, त्यांचीही दरवर्षी अंदाजपत्रकं निघतात आणि त्यात शाळांच्या नावापुढे एक आकडा असतो. आपल्याला शिकवणाऱ्या सर आणि बाईंचे पगार अशाच एका आकड्यातून झाले. यंदा तो आकडा किती आहे, मागच्या वर्षी किती होता आणि त्यातला खर्च किती झाला, एवढं तरी आपण प्रत्येकाने आपापल्या नगरसेवकाला विचारावं. उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारावं. आपल्या शाळेत आज शिकणाऱ्या मुलांसाठी आपण वह्या आणि संगणक जरूर देऊ, त्याची वर्गणी सुरूही झाली आहे. पण त्या मुलांचा हक्काचा पैसा पालिकेच्या तिजोरीत आहे आणि तो मागायला आपण मोठे झालो आहोत.